वळिवड्याची छावणी आणि कागलचा कामगार

पंतप्रधान नरेंद्र मोदी ऑगस्ट २०२४ मध्ये पोलंडच्या दौऱ्यावर गेले असता वॉर्सा शहरातील ज्या स्मारकांना त्यांनी अभिवादन केले, त्यांतील एक कोल्हापूरच्या नावाचे आहे. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात घरदार गमावलेल्या सुमारे पाच हजार पोलिश निर्वासितांना कोल्हापूर संस्थानच्या भूमीत आसरा मिळाला, त्याच्या कृतज्ञतेपोटी २०१७ साली हे स्मारक उभारण्यात आले. युरोपातील एका राजधानीत दक्षिण महाराष्ट्रातील एका शहराचे नाव दगडावर कोरले जावे, ही अभिमानाची गोष्ट खरीच. परंतु केवळ अभिमान बाळगल्याने इतिहासाचे ऋण फिटत नाही. ज्या वळिवड्यात ही छावणी वसली होती, तेथून कागल-हातकणंगले पंचतारांकित औद्योगिक वसाहत फार दूर नाही. या वसाहतीतील कारखान्यांत आज बिहार, उत्तर प्रदेश, झारखंड, ओडिशा अशा दूरच्या प्रांतांतून आलेले कामगार मोठ्या संख्येने राबत आहेत. त्यांच्या डोक्यावरील छपराची जबाबदारी कोणाची, या प्रश्नाला मात्र तेथे समाधानकारक उत्तर मिळत नाही. युद्धाच्या धामधुमीत आणि टंचाईच्या दिवसांत ज्या प्रश्नाचे उत्तर याच जिल्ह्यात सापडले होते, तो प्रश्न भरभराटीच्या काळात अनुत्तरित राहावा, हे कसे घडले याचा विचार व्हावयास हवा.

कराचीमार्गे आलेले पाहुणे

वळिवड्याची हकीकत जुन्या पिढीतील कोल्हापूरकरांना ठाऊक असली तरी नव्या पिढीसाठी ती थोडक्यात सांगणे आवश्यक आहे. सप्टेंबर १९३९ मध्ये जर्मनीने पश्चिमेकडून आणि त्यानंतर सतराव्या दिवशी सोव्हिएत रशियाने पूर्वेकडून पोलंडवर आक्रमण केले. पूर्व पोलंडमधील लाखो नागरिकांना १९४० पासून सैबेरिया, कझाकस्तान आदी प्रदेशांत हद्दपार करण्यात आले. पुढे जर्मनीने रशियावरच हल्ला केला, तेव्हा जुलै १९४१ मध्ये लंडनमधील निर्वासित पोलिश सरकार आणि सोव्हिएत सरकार यांच्यात करार झाला व या हद्दपारांची सुटका झाली. जनरल अँडर्स यांच्या सैन्याबरोबर लाखाहून अधिक पोलिश सैनिक व नागरिक १९४२ साली इराणात उतरले. पुरुष सैन्यात गेले. मागे उरल्या त्या स्त्रिया, मुले आणि वृद्ध. त्यांना ठेवावयाचे कोठे, हा प्रश्न दोस्त राष्ट्रांपुढे उभा राहिला.

हिंदुस्थानात या निर्वासितांपैकी अनाथ मुलांना प्रथम आसरा दिला तो नवानगरचे जामसाहेब दिग्विजयसिंहजी यांनी. जामनगरजवळ बालाचडी येथे १९४२ साली मुलांची छावणी उघडली. मोठ्या संख्येने आलेल्या कुटुंबांसाठी १९४३ साली कोल्हापूर संस्थानच्या हद्दीत, पंचगंगेच्या परिसरात, वळिवडे येथे छावणी उभारण्यात आली. त्या वेळी कोल्हापूरच्या गादीवरील छत्रपती अल्पवयीन होते व कारभार त्यांच्या वतीने चालत असे. हे निर्वासित इराणमधून समुद्रमार्गे कराचीला आणि तेथून पुढे कोल्हापूरला आले. १९४६ साली बालाचडीची छावणी बंद झाली, तेव्हा तेथील मुलेही वळिवड्यालाच आणण्यात आली.

या छावणीतील जीवन केवळ पोटापुरते नव्हते, ही लक्षात घेण्याजोगी गोष्ट आहे. लांबलचक बराकींत प्रत्येक कुटुंबाला स्वतंत्र जागा होती आणि स्वतःची चूल मांडण्याची सोय होती. प्राथमिक शाळांपासून माध्यमिक शिक्षणापर्यंतची व्यवस्था पोलिश भाषेतून करण्यात आली होती. रुग्णालय होते, चर्च होते, टपाल कचेरी होती, नाटके होत, चित्रपट दाखविले जात, बालवीर पथके चालत. क्षयाच्या रुग्णांना हवापालटासाठी पाचगणीला पाठविले जाई. छावणीच्या अंतर्गत व्यवस्थेत निर्वासितांचा स्वतःचा सहभाग होता. हे सर्व अशा लोकांसाठी होते की जे येथे राहावयास आलेले नव्हते. युद्ध संपताच त्यांनी निघून जावयाचे हे ठरलेलेच होते. तात्पुरता मुक्काम म्हणजे कशीबशी सोय, असे त्या व्यवस्थेने मानले नाही.

अर्थात या चित्रावर फाजील रंग चढविण्याचे कारण नाही. छावणी ही शेवटी छावणीच होती. माणसे गावाबाहेर, निराळी ठेवलेली होती. खर्चाचा भार प्रामुख्याने लंडनमधील पोलिश सरकारच्या नावे होता. जुलै १९४५ मध्ये ब्रिटनने त्या सरकारची मान्यता काढून घेतल्यावर संयुक्त राष्ट्रांच्या मदत व पुनर्वसन यंत्रणेकडे हा भार गेला. कोल्हापूरच्या शेतकऱ्याला त्याच काळात युद्धकालीन महागाईची झळ लागत होती. तरीही एवढे खरे की, या माणसांच्या निवाऱ्याची जबाबदारी कोणाची, याविषयी संदिग्धता नव्हती. जमीन कोणाची, बांधकाम कोणाचे, खर्च कोणाचा, व्यवस्था कोणाची, या चारही प्रश्नांना नेमकी उत्तरे होती.

एका वस्तीचे दोन जन्म

१९४७-४८ मध्ये पोलिश निर्वासित निघून गेले. त्यांचा मूळ प्रदेश आता सोव्हिएत रशियात गेला असल्याने बहुतेकांना परतावयास घरच उरले नव्हते. सैनिकांची कुटुंबे ब्रिटनला गेली, काही जण पूर्व आफ्रिकेतील छावण्यांत गेले, काही ऑस्ट्रेलिया, अमेरिका व कॅनडा येथे स्थायिक झाले. रिकाम्या झालेल्या बराकींत नवी माणसे आली ती फाळणीमुळे सिंधमधून उखडलेली. दैवाचा योग असा की, तीही कराचीच्याच बाजूने आली होती. या वस्तीला गांधीनगर हे नाव मिळाले. हातात भांडवल नसलेल्या या सिंधी बांधवांनी किरकोळ विक्रीपासून आरंभ केला आणि पाहता पाहता गांधीनगर ही कापडाची मोठी घाऊक बाजारपेठ झाली. आज दक्षिण महाराष्ट्र, कोकण आणि सीमाभागातील किती तरी दुकानांचा माल तेथून जातो. कल्याणजवळच्या लष्करी छावणीतून उल्हासनगर उभे राहिले, तशीच ही कथा आहे.

अर्थशास्त्राच्या दृष्टीने या घटनेचा अर्थ महत्त्वाचा आहे. निर्वासितांना निवारा देणे हा केवळ खर्च आहे, असे सरकारी हिशेबात दिसते. परंतु ज्याला डोक्यावर छप्पर मिळाले, त्याला पहिल्या दिवसापासून भाड्याची विवंचना न करता धंद्याकडे लक्ष देता आले. बराक हे त्या कुटुंबाचे पहिले भांडवल ठरले. गांधीनगरच्या उत्कर्षाचे श्रेय अर्थातच तेथील लोकांच्या कष्टाला व व्यापारी हुशारीला आहे; परंतु त्या कष्टांना पाय रोवण्यापुरती जागा मिळाली ती एका जुन्या छावणीमुळे, हे विसरता येणार नाही.

आता त्या छावणीच्या खुणा किती उरल्या आहेत? दाट वस्तीच्या आणि दुकानांच्या गर्दीत बराकींचा मूळ आराखडा शोधावा लागतो. कोल्हापुरातील ख्रिस्ती दफनभूमीत छावणीच्या काळात मरण पावलेल्या ७०हून अधिक पोलिश व्यक्तींची चिरविश्रांतीची जागा आहे आणि तिची दुरुस्ती व देखभाल पोलिश बांधवांनी अगत्याने केली आहे. महावीर उद्यानात स्मृतिस्तंभ आहे. सप्टेंबर २०१९ मध्ये वळिवड्यात नव्या स्मृतिस्तंभाचे अनावरण झाले, तेव्हा पोलंडचे उपपरराष्ट्रमंत्री आणि बालपण या छावणीत घालविलेले काही वृद्ध मुद्दाम येथे आले होते. ज्यांचे सर्वस्व गेले, त्यांनी पाच वर्षांच्या मुक्कामाची आठवण पाऊणशे वर्षे जपली. त्यांना येथे ऐषआराम लाभला म्हणून नव्हे. येथे आपल्याला माणूस म्हणून वागविले गेले, ही जाणीव त्या आठवणीच्या मुळाशी आहे.

जगाचा अनुभव

युद्धोत्तर काळात अशी वसतिगृहे जगाच्या अनेक भागांत उभी राहिली. ब्रिटनने १९४७ साली पोलिश पुनर्वसनाचा कायदा केला आणि लष्कराने सोडलेल्या पत्र्याच्या अर्धगोल झोपड्यांतून हजारो पोलिश कुटुंबांची सोय केली. ऑस्ट्रेलियात बोनेगिला येथील लष्करी तळाचे स्थलांतरितांच्या स्वागत केंद्रात रूपांतर झाले. १९४७ ते १९७१ या काळात सुमारे तीन लाख माणसे त्या एका केंद्रातून पुढे गेली. तेथे सारे सुरळीत होते असे नाही. काम मिळेना म्हणून १९५२ आणि १९६१ साली तेथे दंगेही उसळले. तरीही त्या केंद्राचा उरलेला एक भाग ऑस्ट्रेलियाने २००७ साली राष्ट्रीय वारसा म्हणून जाहीर केला. आपला देश ज्यांच्या श्रमाने उभा राहिला, त्यांची पहिली रात्र कोठे गेली हे पुढील पिढीला कळावे, हा त्यामागील हेतू उघड आहे.

पश्चिम जर्मनीने १९५५ पासून इटली, तुर्कस्तान आदी देशांशी करार करून 'पाहुणे कामगार' बोलाविले. या करारांत मालकाने निवासाची सोय करणे ही अट होती. ती सोय पुष्कळदा निकृष्ट असे, एका खोलीत दाटीवाटीने माणसे कोंबली जात आणि त्यावर तेथील वृत्तपत्रांतून टीकाही होई. परंतु टीका करावयास आधार होता, कारण जबाबदारी नेमून दिलेली होती. जेथे जबाबदारीच कोणाची नसते, तेथे तक्रार तरी कोणाकडे करावयाची?

पंचतारांकित वसाहत आणि तिचा कामगार

कोल्हापूरचा उद्योग हा मुळात स्थानिक कारागिरीतून वाढला. उद्यमनगरातील छोट्या कारखान्यांत तेलावर चालणारी इंजिने, पंप आणि सुटे भाग तयार होत. १९६२ साली महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ स्थापन झाल्यानंतर शिरोली आणि गोकुळ शिरगाव येथे औद्योगिक वसाहती झाल्या. मोटार उद्योगाला लागणाऱ्या ओतीव भागांसाठी कोल्हापूरच्या फौंड्र्या देशभर प्रसिद्ध झाल्या. पुढे बुटीबोरी, शेंद्रा, नांदगाव पेठ यांच्याप्रमाणे कागल व हातकणंगले या दोन तालुक्यांच्या सीमेवर पंचतारांकित वसाहत आखण्यात आली. रुंद रस्ते, पुरेसे पाणी, अखंड वीज, मोठे भूखंड, सर्व नागरी सुविधा, असा या 'पंचतारांकित' शब्दाचा अर्थ. फौंड्री, यंत्रभाग आणि वस्त्रोद्योग यांचे कारखाने तेथे उभे राहिले. पुणे-बंगळूर महामार्ग जवळ, कर्नाटकाची सीमा जवळ. उद्योजकांच्या दृष्टीने ही जागा सोयीची ठरली.

प्रारंभी या कारखान्यांत परिसरातील खेड्यांतील तरुण काम करीत. आजही करतात. परंतु भट्टीजवळचे, साच्यांचे, ओतीव भाग घासून साफ करण्याचे काम उष्णतेचे, धुळीचे आणि अंगमेहनतीचे असते. पंचगंगा आणि दूधगंगेच्या पाण्यावर ऊस पिकविणाऱ्या, मुलांना शिकविणाऱ्या शेतकरी कुटुंबातील तरुणाला या कामाचे आकर्षण उरलेले नाही. त्याला दोष देण्यात अर्थ नाही. ही पोकळी भरून काढली ती उत्तरेतून आणि पूर्वेतून आलेल्या कामगारांनी. ते बहुधा ठेकेदारामार्फत येतात, ठेकेदाराच्याच नोंदवहीत राहतात आणि सणासुदीला किंवा शेतीच्या हंगामाला गावी गेले की त्यांपैकी सर्वच परत येतात असे नाही.

हे कामगार राहतात कोठे? बहुतेक औद्योगिक वसाहतींच्या भोवती जे चित्र दिसते, तेच येथे आहे. भोवतीच्या गावांतून घरमालकांनी मागच्या परड्यात किंवा शेताच्या कडेला खोल्या काढल्या आहेत. वर पत्रा, एकच खिडकी, बाहेर सामाईक नळ आणि सामाईक संडास. एका खोलीत पाच-सात जण राहतात. दिवसपाळीचा माणूस कामावर गेला की रात्रपाळीचा त्याच जागी अंग टाकतो. स्वयंपाक आळीपाळीने होतो किंवा ठेकेदाराच्या मेसचा डबा येतो. उन्हाळ्यात भट्टीपुढे आठ किंवा बारा तास उभे राहून आलेल्या माणसाला पत्र्याखाली झोप लागत नाही आणि झोप न झालेला माणूस दुसऱ्या दिवशी पुन्हा वितळलेल्या लोखंडाजवळ उभा राहतो. कारखान्यांतील अपघातांची चौकशी होते तेव्हा यंत्राला जाळी होती की नाही हे पाहिले जाते. त्या माणसाची आदली रात्र कशी गेली होती, हे विचारण्याचा रकाना कोणत्याही अर्जात नसतो.

आराखड्यात निवासी क्षेत्र दाखविलेले असणे आणि ठेकेदारी कामगाराला परवडणारी खाट मिळणे, या दोन भिन्न गोष्टी आहेत. निवासी भूखंडावर जी घरे होतात, ती अधिकाऱ्यांना आणि कायम नोकरांना परवडणारी असतात. ज्याची नोकरी तीन महिन्यांची आहे आणि ज्याला पगारातील निम्म्याहून अधिक रक्कम गावी पाठवावयाची आहे, त्याला घर विकत घ्यावयाचे नसते, स्वतंत्र सदनिका भाड्यानेही घ्यावयाची नसते. त्याला हवी असते एक स्वच्छ खाट, कुलूप लावता येईल अशी पेटी, पंखा, पाणी आणि माफक दरातील जेवण. नेमकी हीच वस्तू आपल्या गृहनिर्माण धोरणात बसत नाही.

खर्च कोणाच्या माथी?

कामगाराच्या निवाऱ्याचा खर्च कोणी केला नाही म्हणून तो नाहीसा होत नाही. तो दुसऱ्या कोणाच्या तरी माथी जातो, हा अर्थशास्त्राचा साधा सिद्धांत येथे लागू पडतो. प्रथम तो जातो कामगाराच्या शरीरावर. आजारपण, अपुरी झोप आणि कुटुंबापासून दुरावा या रूपाने तो चुकता होतो. नंतर तो जातो भोवतीच्या ग्रामपंचायतींवर. हजार-दोन हजार वस्तीसाठी आखलेली नळयोजना आणि गटारे वाढीव लोकसंख्येचा भार सोसू शकत नाहीत. मग गावकरी आणि परप्रांतीय यांच्यात पाण्यावरून कुरबुरी होतात आणि त्यांना प्रांतभेदाचा रंग चढतो. अखेर हा खर्च कारखानदाराकडेच परत येतो. साचे करण्याच्या कामात तरबेज झालेला माणूस होळीला किंवा छठपूजेला गावी गेला आणि परतला नाही, म्हणजे नवा माणूस शिकवावा लागतो, तोवर खराब माल निघतो, वेळेवर पुरवठा होत नाही. कामगार टिकत नाहीत अशी तक्रार उद्योजकांच्या बैठकींत नेहमी ऐकू येते. जेथे माणसाला पाय पसरावयास जागा नाही तेथे तो टिकेल का, हा प्रश्न मात्र क्वचितच विचारला जातो.

मार्च २०२० मध्ये टाळेबंदी जाहीर झाली, तेव्हा या व्यवस्थेचा पाया किती ठिसूळ आहे ते साऱ्या देशाने पाहिले. कारखाने बंद झाले, ठेकेदारांनी हात वर केले आणि खोलीभाडे थकले. घरात राहा, असे सांगण्यात येत होते. परंतु ज्यांच्याजवळ पाळीपाळीने झोपण्याची जागा होती, त्यांना एकाच वेळी घरात राहणे शक्यच नव्हते. त्या वर्षीच्या मे महिन्यात श्रमिक गाड्या सुरू झाल्या आणि कोल्हापूरच्या स्थानकावरूनही कामगार आपापल्या प्रांतांकडे निघून गेले. पुढे त्याच वर्षीच्या जुलैमध्ये केंद्र सरकारने स्थलांतरित कामगारांसाठी परवडणाऱ्या भाड्याच्या घरांची योजना जाहीर केली. जुलै २०२४ मधील अर्थसंकल्पात औद्योगिक कामगारांसाठी वसतिगृहाच्या धर्तीवरील भाड्याच्या निवासांची घोषणा झाली. घोषणा योग्य दिशेने आहेत. परंतु घोषणा आणि खाट यांच्यातील अंतर कागलमध्ये अद्याप कापावयाचे आहे.

कायद्याचा प्रवास मात्र उलट दिशेने झाला आहे. आंतरराज्य स्थलांतरित कामगारांसाठी १९७९ साली झालेल्या कायद्याने ठेकेदारावर निवासाची योग्य सोय करण्याचे बंधन घातले होते आणि विस्थापन भत्त्याचीही तरतूद केली होती. त्या कायद्याची अंमलबजावणी दुबळी होती, हे सर्वमान्य आहे. परंतु २०२० साली संमत झालेल्या आणि नोव्हेंबर २०२५ पासून अमलात आलेल्या श्रमसंहितेत विस्थापन भत्ता उरला नाही आणि निवासाचे ते बंधनही जुन्या स्वरूपात राहिले नाही. आपल्या पायांनी आलेल्या कामगारालाही स्थलांतरित म्हणून मान्यता मिळाली, ही नव्या संहितेची जमेची बाजू. तथापि मान्यता मिळाली आणि छप्पर गेले, असे होणार असेल तर तो सौदा कामगाराच्या हिताचा म्हणता येणार नाही.

आक्षेपांचा विचार

कामगारांसाठी वसतिगृहे बांधावीत, या सूचनेवर दोन आक्षेप घेतले जातात आणि ते दोन्ही विचारार्ह आहेत. पहिला आक्षेप खर्चाचा. मोठ्या मोटार कंपन्यांना माल पुरविणाऱ्या छोट्या फौंड्रीचा नफा बेताचा असतो. तिने वसतिगृह कोठून बांधावे? हे खरे आहे, आणि म्हणूनच ही जबाबदारी एकेका कारखान्यावर टाकणे अव्यवहार्य ठरेल. रस्ता आणि पाणी प्रत्येक कारखाना स्वतंत्रपणे आणत नाही. औद्योगिक वसाहत ते सर्वांसाठी एकत्र आणते. कामगाराचा निवारा हीसुद्धा रस्त्यासारखीच पायाभूत सुविधा मानली, म्हणजे या आक्षेपातील बराचसा जोर नाहीसा होतो.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. मालकाने बांधलेले वसतिगृह हे पुष्कळदा कोंडवाडा होते. नोकरी गेली की छप्परही जाते, म्हणून कामगार तोंड उघडत नाही. दक्षिण आफ्रिकेतील खाणमालकांनी मजुरांना कुंपणाआड ठेवले, त्याचा इतिहास सर्वज्ञात आहे. सिंगापूरमध्ये २०२० साली परदेशी मजुरांच्या वसतिगृहांत दाटीमुळे साथ कशी फैलावली, तेही जगाने पाहिले. तेव्हा वसतिगृह म्हणजे आपोआप कल्याण, असे समजणे भाबडेपणाचे होईल. निवारा आणि नोकरी यांच्या किल्ल्या एकाच हातात असता कामा नयेत, हा या अनुभवाचा निष्कर्ष आहे.

केरळने या बाबतीत एक पाऊल टाकले आहे. पालक्काड जिल्ह्यातील कंजिकोड या औद्योगिक भागात राज्य सरकारच्या पुढाकाराने २०१९ साली 'अपना घर' हे स्थलांतरित कामगारांचे वसतिगृह सुरू झाले. सुमारे ६४० जणांची तेथे सोय आहे. कामगारांच्या एकूण संख्येच्या मानाने हा आकडा लहान असला तरी त्यातील तत्त्व लहान नाही. परप्रांतातून आलेला कामगार हा ठेकेदाराचा माल नसून राज्याचा रहिवासी आहे, हे त्यात मान्य केले आहे.

शाहूंचा मार्ग

वस्तुतः कोल्हापूरला या प्रश्नाचे उत्तर शोधण्यासाठी केरळपर्यंतही जाण्याची आवश्यकता नाही. कोल्हापूरला विद्यार्थी वसतिगृहांची जननी म्हटले जाते आणि ते रास्त आहे. राजर्षी शाहू छत्रपतींच्या काळात १९०१ साली व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंग आणि जैन बोर्डिंग सुरू झाले. १९०६ साली मुस्लिम बोर्डिंग, १९०७ साली लिंगायत वसतिगृह आणि १९०८ साली अस्पृश्य मानल्या गेलेल्या विद्यार्थ्यांसाठी मिस क्लार्क वसतिगृह झाले. खेड्यातील मुलाला शहरात शिकावयाचे तर त्याला जागा कोणी देत नाही, जेवावयास कोणी वाढत नाही; तेव्हा नुसती शाळा काढून भागणार नाही, तर तिच्याजवळ राहण्याची सोय हवी, हे शाहूंनी ओळखले. शिक्षणाच्या प्रश्नाचे मूळ निवाऱ्यात आहे, हा त्यांचा विचार त्या काळाच्या किती तरी पुढे होता. औद्योगिक रोजगाराच्या बाबतीतही आज तेच सत्य आहे.

या वसतिगृहांची घडण विशेष ध्यानात घेण्याजोगी आहे. दरबाराने जागा दिल्या, इमारतींना साहाय्य केले, उत्पन्नाची साधने लावून दिली. परंतु दैनंदिन कारभार बहुधा त्या त्या समाजातील जबाबदार माणसांच्या हाती सोपविला. सरकार आणि समाज यांच्यात कामाची अशी वाटणी झाल्यामुळे संस्थान विलीन झाले तरी वसतिगृहे बंद पडली नाहीत. त्या काळी ही वसतिगृहे जातवार होती, कारण समाजच तसा विभागलेला होता. आजच्या कामगार वसतिगृहाला तसे असण्याचे काहीच कारण नाही. परंतु जमीन सरकारची आणि व्यवस्थापन स्वतंत्र विश्वस्त मंडळाचे, ही चौकट आजही उपयोगी पडू शकते.

कागल हे शाहू महाराजांच्या जनक घराण्याचे, घाटग्यांचे गाव. त्याच तालुक्याच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या औद्योगिक वसाहतीत पहिले कामगार वसतिगृह या तत्त्वावर उभे राहणे अशक्य का असावे? औद्योगिक विकास महामंडळाने सुविधांच्या जागेपैकी एक भूखंड नाममात्र भाड्याने त्यासाठी राखून ठेवावा. बांधकामासाठी केंद्राच्या भाडे-निवास योजनेचा निधी मिळवावा. दैनंदिन खर्चासाठी प्रत्येक कारखान्याने कामगारांच्या संख्येच्या प्रमाणात वर्गणी द्यावी आणि कामगारानेही परवडेल एवढे खाटभाडे द्यावे. कारभार उद्योजकांची संघटना, कामगार प्रतिनिधी, परिसरातील ग्रामपंचायती आणि जिल्हा प्रशासन यांच्या विश्वस्त मंडळाकडे असावा. कामगाराने कारखाना बदलला तरी त्याची खाट जाऊ नये, एवढी अट मात्र कटाक्षाने पाळली जावी. या योजनेतील कोणतीही गोष्ट नवी नाही. जमीन आहे, कायद्याची चौकट आहे, निधीची योजना आहे आणि पूर्वानुभवही आहे. उणीव आहे ती हे काम आपले आहे असे म्हणणाऱ्या यंत्रणेची.

याबरोबरच वळिवड्याच्या छावणीच्या उरल्यासुरल्या खुणांकडेही अधिक आस्थेने पाहिले पाहिजे. स्मृतिस्तंभ हे कर्तव्याचे एक अंग झाले. जुन्या बराकीचा एखादा भाग शिल्लक असेल तोवर त्याचे मोजमाप, छायाचित्रे आणि नकाशे तयार करणे, तसेच पोलिश मुक्कामाबरोबर सिंधी निर्वासितांच्या पहिल्या पिढीच्या आठवणीही नोंदवून घेणे, हे काम विद्यापीठातील इतिहास आणि अर्थशास्त्र विभागांनी हाती घेण्यासारखे आहे. त्या पिढीतील माणसे आता फार थोडी उरली आहेत. इमारत पुन्हा बांधता येईल; सांगणारा माणूस गेला की त्याची आठवण पुन्हा मिळत नाही.

वॉर्सातील स्मारकावर कोल्हापूरचे नाव आहे, कारण एके काळी या भूमीने परक्यांच्या निवाऱ्याची जबाबदारी कोणाची हा प्रश्न अधांतरी ठेवला नाही. कागलच्या भट्ट्यांवर आज जे कामगार राबतात, ते युद्धाने नव्हे तर दारिद्र्याने घराबाहेर काढलेले आहेत, आणि ते परक्या देशाचे नसून याच देशाचे नागरिक आहेत. ते दयेची याचना करीत नाहीत. या जिल्ह्याच्या उत्पन्नात आपल्या घामाची भर घालीत आहेत. पाच वर्षांच्या पाहुण्यांसाठी जे करता आले, ते कायमच्या गरजेसाठी करता येत नाही, असे म्हणणे कोल्हापूरच्या परंपरेला शोभणारे नाही. पंचतारांकित वसाहतीचा पुढील विस्तार आखला जाईल तेव्हा कारखान्यांच्या भूखंडांआधी कामगारांच्या खाटांची संख्या ठरविली जावी, एवढी अपेक्षा करणे अवाजवी ठरू नये.